दापोलीची थंडी आणि आमचा सोलर बंब, दोन हिवाळे वापरल्यावर

थंडी सुरू झाली की आमच्या आळीत दरवर्षी तोच विषय निघतो, पंखे बंद झाले, एसी तर घरात नाहीच, मग लाईट बिल वाढतं कसं काय. आमच्याकडेही तीन वर्षं हेच चाललं होतं. सासरे म्हणायचे मीटर पळतोय, एकदा अर्ज देऊन मीटर तपासूनही घेतला, मीटर एकदम बरोबर. पळत होता तो न्हाणीघरातला गिझर. पंधरा लिटरचा, दोन हजार वॉटचा, घरात पाच माणसं, त्यात दोघं सत्तरीच्या पुढची, आणि पहाटे सहापासून नऊपर्यंत तो कोणासाठी ना कोणासाठी चालूच.

म्हणून मे २०२४ मध्ये सोलर घेतला, पाणी तापवायचा, १५० लिटरचा, काचेच्या पंधरा नळ्यांवाला. आता फेब्रुवारी २०२६ चालू आहे, म्हणजे दोन हिवाळे पुरे झाले. मधे बऱ्याच जणांनी विचारलं की घ्यावा का, कितीला पडला, आमच्याकडे चालेल का, प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. कंपनीचं आणि डीलरचं नाव देत नाहीये, कारण माझी जी तक्रार आहे ती कुठल्याही कंपनीचा घेतला तरी तुमच्या वाट्याला येऊ शकते, आणि तीच टाळायला हवी.

आधी आमची जागा सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. घर दापोली-हर्णै रस्त्याला, आसूदच्या अलीकडे, आगरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत. जांभ्याच्या भिंती, माजघर-ओटीवर कौलं, मागे न्हाणीघर आणि पुढे नंतर वाढवलेली एक खोली, ह्या दोन्हीवर स्लॅब. कोकणात कसली आलीय थंडी असं मुंबईचे पाहुणे म्हणतात, पण डिसेंबर-जानेवारीत दापोलीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि कौलांच्या घरात माळ्यावरून जो गारवा खाली उतरतो तो आतल्या माणसालाच कळतो. स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी तर रात्रभर उघड्यावर राहून असं गारठतं की हात घातला की बोटं आखडतात.

पूर्वी बंब होता. तांब्याचा, माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाचा. आगर असल्यामुळे जळणाला कमी नाही, सोडणं, करवंट्या, पिढे, चुडतं, सगळं घरचं. पण पहाटे साडेपाचला उठून तो पेटवायचा कोणी, तर सासूबाई नाहीतर मी. आणि धूर सगळा न्हाणीघरातून पडवीत. सासऱ्यांना दम्याचा त्रास सुरू झाल्यावर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की घरात धूर नको, म्हणून २०२१ ला गिझर आला. धूर गेला आणि बिल आलं.

बिलाचं गणित एकदा नीट समजून घ्या, मला स्वतःला ते कळल्यावरच सोलरचं पटलं. पाच माणसांच्या आंघोळीला पाणी शंभरेक लिटर. गार पाणी २० अंशांवर धरलं आणि आंघोळीला ४२ लागतं असं धरलं, तर नुसतं ते पाणी तापवायलाच अडीच युनिटच्या वर लागतात, शिवाय गिझर तापून नुसता पडून राहतो त्यात थोडी वीज जाते, म्हणजे रोजचे तीन युनिट. महिन्याचे नव्वद. आता घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटला एक दर असतो आणि १०१ ते ३०० ला जवळजवळ त्याच्या दुप्पट. आमचे फ्रिज, पाण्याची मोटर, मिक्सर, दिवे, टीव्ही ह्यांचेच शंभर-एकशे दहा होतात. म्हणजे गिझरचे नव्वदच्या नव्वद युनिट वरच्या दराने. डिसेंबर २०२३ चं आमचं बिल २०४ युनिटचं होतं, त्याच्या आधी ऑक्टोबरचं १०८. मधला सगळा फरक आंघोळीच्या पाण्याचा, आणि पैशात महिन्याला हजाराच्या आसपास.

तर सोलर. एका ओळीत सांगायचं तर वस्तू चांगली आहे, पाचपैकी चार. ज्याने बसवून दिला त्याच्या कामाला मात्र दोनच्या वर देणार नाही.

काम कसं करतो ते थोडक्यात. काचेची नळी दुहेरी असते, दोन काचांच्या मधे हवा काढून टाकलेली, थर्मास असतो ना तसं, त्यामुळे बाहेर कितीही गार वारा असला तरी आतली उष्णता बाहेर जात नाही. आतल्या काचेला काळा लेप. ऊन पडलं की नळीतलं पाणी तापतं, गरम पाणी हलकं म्हणून वर टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी जड म्हणून खाली नळीत येतं, असं दिवसभर आपोआप फिरत राहतं. पंप नाही, वीज नाही. आमच्याकडे वादळ-वाऱ्यात लाईट जाणं नवीन नाही, त्यामुळे मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. टाकीला फोमचं जाड आवरण, दुपारी तापलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम राहतं.

आता तक्रार. डीलरचा माणूस जागा बघायला आला मे महिन्यात. न्हाणीघराच्या स्लॅबवर चढला, इकडे तिकडे बघितलं, म्हणाला वहिनी एकदम बेस्ट जागा, दिवसभर ऊन, पाइपही फक्त दहा फूट लागेल. खोटं काही बोलला नाही, तेव्हा खरंच दिवसभर ऊन होतं. बसवला. जून उजाडला आणि पाऊस सुरू, चार महिने तसाच उभा होता. ऑक्टोबरमध्ये मस्त कढत पाणी यायला लागलं, आम्ही खूश. सासूबाई तर रोज शेजारच्या काकूंना बोलावून तोटी सोडून दाखवायच्या. नोव्हेंबरला जरा कमी. डिसेंबरला, जेव्हा खरी गरज, तेव्हा पाणी कोमट. सासरे एक दिवस आंघोळ करून बाहेर आले ते कुडकुडतच, काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप गिझर लावला. मला खूप वाईट वाटलं, कारण घेण्याचा आग्रह माझा होता.

डीलरला फोन केला. वहिनी थंडीत पाणी थोडं कोमटच येणार, असं उत्तर. परत केला, माणूस आला, नळ्यांवर हात फिरवून गेला, म्हणाला मशीन ओके आहे. तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही.

मुलगी लहान असताना आंघोळीच्या पाण्यात घालून बघायला घेतलेलं थर्मामीटर कपाटात होतं. ते काढलं आणि आठवडाभर रोज सकाळी सहाला सोलरच्या तोटीचं पाणी मोजून कॅलेंडरवर लिहिलं. ३६, ३५, ३६, ३४, असं. मग २२ डिसेंबरला रविवार होता, तेव्हा सकाळी आठपासून मी स्लॅबवर जाऊन बसले, निवडायचे तांदूळ बरोबर नेले होते, आणि दर तासाला सावलीची कड जिथे येईल तिथे कोळशाने रेघ मारली. आठला पोफळींची सावली अर्ध्या नळ्यांवर. नऊला जरा सरकली. दहाला पहिल्या माडाचं खोड आडवं गेलं, अकराला त्याचा शेंडा, म्हणजे सगळ्या झावळ्यांची सावली बरोबर नळ्यांच्या मधोमध. साडेबाराला जरा मोकळं झालं तोवर दुसरा माड. तीननंतर परत पोफळी. दिवसभरात अख्ख्या पंधरा नळ्यांवर पूर्ण ऊन असं मिळून दोन तासही नव्हतं!

कारण साधं आहे आणि ते डीलरला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आपली सावली पायाखाली जाते, माडाची सावली माडाच्याच बुंध्यात पडते. तेव्हा बघितलं तर कुठलीही जागा बेस्टच वाटणार. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की भर दुपारीही पन्नास अंशांच्या वर चढत नाही. चाळीस फुटी माडाची सावली तेव्हा ऐन दुपारी पस्तीस फूट उत्तरेला पडते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याच्या कितीतरी पुढे. आमचे माड न्हाणीघराच्या दक्षिणेला वीस-पंचवीस फुटांवर. म्हणजे ज्या महिन्यांसाठी सोलर घेतला नेमका त्याच महिन्यांत तो सावलीत. आगरात घर असलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे, अगदी मुरुड-कर्दे-आंजर्ल्यापासून श्रीवर्धन-गुहागरपर्यंत. माड तोडणं हा काही उपाय नाही, माझे सासरे ते ऐकूनही घेणार नाहीत आणि मलाही नकोच आहे.

म्हणून माझं सगळ्यांना हात जोडून सांगणं, सोलर मे महिन्यात घ्या की दिवाळीला, पण जागा डिसेंबरच्या सावलीवरून ठरवा. एक डिसेंबर थांबायला लागलं तरी थांबा. एक सुट्टीचा दिवस काढा, कोळसा घ्या, रेघा मारा. नऊ ते तीन सलग ऊन मिळतंय अशी जागा सापडली तरच पैसे भरा. डीलर जागा बघायला येईल तेव्हा त्याला सरळ विचारा की थंडीत ह्या झाडाची सावली कुठे पडेल, तो गोंधळला तर दुसरा डीलर बघा.

आमच्याकडे पुढच्या खोलीचा स्लॅब मोकळा होता, दक्षिणेला अंगण, त्यापुढे रस्ता. गावातलाच एक प्लंबर मुलगा आहे, त्याने बघितलं आणि म्हणाला काकी, इथे हलवूया, पण पाइप चाळीस फूट जाईल. संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात त्याने दोन दिवसांत हलवून दिला, ४५०० रुपये गेले, ते डीलरने दिले नाहीत, आमचेच गेले. आणि संक्रांतीच्या सकाळी सहाला थर्मामीटर ४८. सासूबाईंनी तोटी सोडली आणि आतूनच ओरडल्या, अगो, कढत आलंय कढत! त्या दिवशी तिळाचं उटणं लावून सगळ्यांच्या आंघोळी झाल्या आणि शेवटच्या माणसालाही गार पाणी मिसळावं लागलं.

तेव्हापासून पाण्याबद्दल तक्रार नाही. ह्या थंडीत, म्हणजे डिसेंबर २०२५ मध्ये, सकाळचं पाणी ४७ ते ५० च्या मधे राहिलं. ढगाळ दिवस आले तेव्हा ४१-४२, तेही आंघोळीला पुरतं. डिसेंबरचं बिल ११२ युनिट. दोन वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्यापेक्षा ९२ युनिट कमी. मधल्या वर्षी, सावलीत होता तेव्हा, १६१ होतं, म्हणजे जागेने किती फरक पडतो ते ह्या तीन आकड्यांतच दिसतं.

लांब पाइपचा एक तोटा आहे. सकाळी तोटी सोडली की पाइपमधे रात्रभर उभं राहिलेलं गार पाणी आधी येतं, आमच्याकडे पहिले चार-पाच तांबे. ते मी बादलीत धरते, अळूला नाहीतर जास्वंदीला जातं, वाया नाही जात. गरम पाण्याच्या पाइपला काळं फोमचं आवरण घातलंय, ते घालाच, नाहीतर चाळीस फुटांत पाणी निवत येतं. पण ते फोम खारी कुरतडतात, आमच्या पहिल्या वर्षी निम्मं पळवलं त्यांनी, घरटं करायला असेल. आता वरून जाड प्लॅस्टिकच्या पाइपात घातलंय आणि तो टिकलाय.

आता कोकणातल्या म्हणून ज्या गोष्टी, त्या माहितीपत्रकात कुठेच नसतात.

वानरं. हे नंबर एक. आमच्याकडे टोळी आली की वीस-पंचवीसची येते, कौलांवरून स्लॅबवर, स्लॅबवरून माडावर. काचेच्या नळ्यांवर एक मोठा हुप्या उडी मारून बसला तर नळी राहणार नाही. हर्णैला बंदरावर जुनी जाळी मिळतात, त्यातलं एक आणून बांबूच्या चौकटीवर ताणून नळ्यांच्या वर फूटभर अंतरावर बांधलंय. सावली अगदी नगण्य पडते, मी आधी-नंतर मोजून बघितलं, एका अंशाचाही फरक नाही. जाळं ताणून बसवा, सैल असलं तर पक्षी अडकतात, एकदा एक साळुंकी अडकली होती, कात्रीने कापून सोडवली, तेव्हापासून दर आठवड्याला हात लावून बघते.

नारळ आणि झावळी. सोलरच्या वर माड नसला तरी वाऱ्याने झावळी लांब उडते. बाजूच्या माडाची सुकी झावळी लोंबायला लागली की माडावर चढणाऱ्या पाडेकऱ्याला लगेच बोलवायचं, तिने खाली यायची वाट बघायची नाही.

चिकटा. ज्यांच्याकडे हापूसची कलमं घराला लागून आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. मोहोरावर तुडतुडे आले की खाली सगळं चिकट होतं, पानं काळी पडतात, तोच चिकटा नळ्यांवर बसतो आणि त्यावर रस्त्याची लाल धूळ. जानेवारीच्या शेवटी आमच्या नळ्या अक्षरशः तांबूस दिसत होत्या, पाणी दोन-तीन अंश उतरलं. सकाळी ऊन चढायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या, थोडं भांडी घासायचं लिक्विड चालतं. आणि दिवाळीच्या आधी एकदा, पावसाळ्याचं शेवाळ काढायला.

खारा वारा. आम्ही समुद्रापासून बऱ्यापैकी आत आहोत तरी स्टँडच्या नटबोल्टांना गंज दिसलाच. स्टँडचा पत्रा ठीक आहे, बोल्ट आधी जातात. प्लंबरने हलवताना स्टीलचे बोल्ट टाकले, शंभर-दीडशे रुपयांचा प्रश्न आहे, आधीच सांगून टाकून घ्या. आणि स्टँडचे पाय नुसते स्लॅबवर ठेवून चालणार नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी इथे काढलं त्यांना हे वेगळं सांगायला नको, कौलं, पत्रे, रिकाम्या टाक्या कुठल्या कुठे जाऊन पडल्या होत्या. चारही पायांना काँक्रीटचे छोटे चौथरे करून त्यात बोल्ट गाडून घ्या.

पाणी. आमच्या विहिरीचं पाणी मऊ, त्यामुळे नळ्यांत क्षार धरत नाही. पण माझी नणंद मुरुडला राहते, किनाऱ्याला लागून, तिकडे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, आणि तिच्या सोलरची स्टीलची टाकी बारीक भोकं पडून चौथ्या वर्षी गळायला लागली. मचूळ पाणी असेल तर आतून काचेसारखा लेप दिलेली टाकी येते ती घ्या आणि त्यातला मॅग्नेशियमचा दांडा दर वर्ष-दोन वर्षांनी तपासून बदलत राहा, तो दांडा टाकीच्या ऐवजी स्वतः झिजतो, त्यासाठीच असतो. वॉरंटी कार्डावर पाण्याबद्दल अट असते, ती वाचा, नणंदेला त्याच अटीवर नकार मिळाला.

आता आमच्या हातून झालेली एक चूक, तुम्ही करू नका. गेल्या एप्रिलमध्ये दीड दिवस लाईट नव्हती, गार पाण्याची टाकी रिकामी झाली, सोलरही संपत आला आणि नळ्या वरून कोरड्या पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला लाईट आली, नवऱ्याने लगेच मोटर लावली. मी अंगणात कोकमं वाळत घालत होते, वरून टक् असा आवाज आला, मोठा नाही, काचेचा पेला गरम चहा ओतल्यावर तडकतो तेवढाच. आणि मग पन्हळीतून पाणी. उन्हात तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी शिरलं की काच तडकते. आणि एक नळी गेली की टाकीतलं सगळं पाणी तिथून वाहून जातं, कारण सगळ्या नळ्या टाकीला थेट जोडलेल्या. नळी पाचशे रुपयांना मिळाली, काच वॉरंटीत धरत नाहीत, पण बदलायला माणूस तीन दिवसांनी आला. टाकी रिकामी झालीच तर दिवस मावळल्यावर किंवा अगदी पहाटे भरा, उन्हात कधीच नको. मी आता एक जादा नळी आणून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलीय.

गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच असावी लागते, तरच पाणी आपोआप भरतं. आमची होती त्याच लेव्हलला, म्हणून जांभ्याचे चिरे रचून तिला वर घ्यावं लागलं, तो खर्च डीलरच्या कोटेशनमध्ये नव्हता. कोटेशन घेताना हे आणि प्लंबिंग धरून सांगा असं म्हणा. आमचा खर्च, सोलर २६ हजार, प्लंबिंग आणि चिऱ्यांचं काम साडेपाच हजार, नंतर हलवायचे साडेचार, एकूण ३६ हजार. थंडीच्या चार महिन्यांत महिना हजार आणि बाकीच्या उन्हाच्या महिन्यांत म्हाताऱ्या माणसांच्या कोमट पाण्याचे तीन-चारशे, असे वर्षाला सहा हजारांच्या आसपास वाचतात. म्हणजे सहा वर्षांत पैसे फिटतील. जागा पहिल्यांदाच बरोबर निवडली असती तर सव्वापाच वर्षांत. दोन वर्षांत पैसे वसूल असं कोणी सांगत असेल तर आपलं स्वतःचं बिल पुढे ठेवून हिशोब करा, घरात माणसं किती आणि गरम पाणी वर्षातून किती महिने लागतं ह्यावर ते ठरतं.

पावसाळ्यात काय, हा प्रश्न हमखास येतो. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर सोलरकडून फार अपेक्षा ठेवू नका, मधेच दोन दिवस उघडीप मिळाली तर मिळाली. डीलर टाकीतच हीटर बसवून घ्या म्हणतो, मी घेतला नाही आणि तुम्हालाही घ्या म्हणणार नाही, कारण दोन बादल्यांसाठी अख्खं दीडशे लिटर पाणी विजेवर तापवायचं. त्यापेक्षा जुना छोटा गिझर ठेवा, लागेल तेव्हा वीस मिनिटं लावा. आम्ही बंबही ठेवलाय, पण त्याला आता न्हाणीघराबाहेर पत्र्याची शेड केली, धूर घरात येत नाही, आणि पावसाळ्यात सोडणं-करवंट्या जळून जातात.

अजून एक, सबसिडीबद्दल लोक फार गोंधळतात. पंतप्रधान सूर्यघर योजना, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ती वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवायच्या सोलरला ती मिळत नाही. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार मिळतात. आम्ही विचार केला, पण शंभर-सव्वाशे युनिटच्या बिलाला ते पॅनल लावण्यात आम्हाला फायदा दिसला नाही. कर्द्याला, मुरुडला ज्यांचे होमस्टे आहेत आणि दर खोलीत एसी, त्यांनी जरूर बघावं. सावलीचं मात्र तिकडे जास्तच जपायला लागतं, कारण ओळीतल्या एका पॅनलवर झावळीची सावली पडली तरी पूर्ण ओळीची वीज उतरते. तोच कोळसा आणि तोच डिसेंबरचा दिवस तिथेही लागेल.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना माझा अनुभव फारसा कामाचा नाही, तिथे गच्ची सगळ्यांची असते आणि पाइप चार मजले उतरून येतो, तेवढ्या वेळात बादलीभर पाणी गारच येतं. त्यांनी गिझरचं तापमान ६० वरून ५० वर आणावं आणि आंघोळीच्या वीस मिनिटं आधी लावून नंतर बंद करावा, आम्ही एक वर्ष एवढंच केलं होतं तरी महिन्याला पंधरा-वीस युनिट उतरले होते. विहीर असलेल्यांनी थंडीत टाकी रात्री भरून ठेवू नये, पहाटे मोटर लावावी, विहिरीचं पाणी तेव्हा कोमट असतं आणि गिझर असो की बंब, दोघांचंही काम कमी होतं.

डीलरबद्दल शेवटचं. गेल्या महिन्यात त्याच्याकडून फोन आला होता, दुसऱ्या गावातल्या गिऱ्हाइकाला तुमचा सोलर दाखवायला आणू का म्हणून. या म्हटलं. आले, ते गिऱ्हाईक आणि त्यांची बायको. मी पाणी दाखवलं, थर्मामीटर हातात दिलं, मग त्यांना न्हाणीघराच्या स्लॅबवर नेऊन कोळशाच्या रेघा दाखवल्या, एका पावसाळ्यानंतरही त्यातल्या कडेच्या दोन पुसट दिसतात कारण तिथे पागोळी पडत नाही. त्या बाईंनी तिथेच डीलरला विचारलं की आमच्या घरामागे फणस आहे त्याचं काय. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ते दोघं येत्या डिसेंबरपर्यंत थांबणार आहेत.